झूमच्या आकड्यांची वंशावळ

डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यावर एक आकडा नेहमी सर्वांत ठळक छापलेला असतो. १० एक्स, ३० एक्स, ६५ एक्स. विकणारा तोच आधी सांगतो आणि घेणाराही तोच आधी विचारतो. महाविद्यालयाच्या खरेदी समितीपुढे तीन दुकानांची कोटेशने येतात तेव्हा तुलनात्मक तक्त्यात मेगापिक्सेल, झूम आणि किंमत असे रकाने आखले जातात. पहिल्या दोहोंत मोठा आणि तिसऱ्यात लहान आकडा ज्याचा, ते यंत्र मंजूर होते. या पद्धतीत प्रामाणिकपणाची उणीव नाही. उणीव आहे ती आकडा वाचण्याच्या सवयीची. जुन्या पोथीतला शब्द आजच्या अर्थाने वाचला की अर्थाचा अनर्थ होतो, हे आम्ही मराठी शिकवणारी माणसे वर्गात दर वर्षी सांगत असतो. कॅमेऱ्याच्या खोक्यावरील परिभाषेचेही तसेच आहे. तीतील जवळपास प्रत्येक परिमाण दुसऱ्याच कोणत्या तरी यंत्रासाठी, दुसऱ्याच काळात जन्मले आणि वारशाने या खिशातल्या यंत्राकडे आले. हा वारसा उलगडून पाहिला तर मोठ्या झूमचा छोटा कॅमेरा कसा निवडावा, हा प्रश्न पुष्कळसा सुटतो असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. इंग्रजीत ‘झूम’ हा मुळात गुणगुणण्याचा, घोंघावण्याचा ध्वनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांनी तो विमान एकाएकी वर चढवण्याच्या क्रियेला लावला आणि तिथून तो भिंगांच्या जगात आला. मराठीने त्याला प्रतिशब्द शोधण्याची तसदी घेतली नाही, पण क्रियेला मात्र आपले नाव दिले. फोटो काढणाऱ्याला आपण सहज सांगतो, ‘जरा जवळ घे.’ हा वाक्प्रयोग गोड आहे आणि फसवाही आहे. झूम भिंग काहीही जवळ घेत नाही. ते दृश्याचा कोन लहान करते आणि त्या लहान कोनात जे मावेल ते चौकटभर पसरवते. आपण उभे असतो तिथेच असतो, वस्तू असते तिथेच असते. म्हणूनच देवळाच्या मंडपाचा खांब दहा पावले पुढे जाऊन टिपला आणि तोच खांब मागे उभे राहून झूमने टिपला, तर आकार सारखा येऊनही दोन चित्रे वेगळी होतात. पहिल्यात खांबामागची भिंत दूर राहते, दुसऱ्यात ती खांबाला येऊन चिकटल्यासारखी दिसते. दृश्यातील खोली ठरते ती उभे राहण्याच्या जागेवरून. भिंगाचा तिच्याशी संबंध नाही. चालत जाऊन जवळ जाता येते तिथे झूमची गरज नाही, हे इतके उघड आहे की ते लिहिण्याचा संकोच वाटतो. तरी पुष्कळ पैसा या उघड गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यानेच खर्च होतो.

नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, बदलत असतानाही चित्र स्पष्ट राहील अशा भिंगाचे पेटंट क्लाइल अ‍ॅलन या अमेरिकन संशोधकाला १९०२ साली मिळाले. प्रत्यक्ष बाजारात आलेले महत्त्वाचे भिंग त्यानंतर तीस वर्षांनी, १९३२ साली आले. इंग्लंडमधील लेस्टर येथील टेलर, टेलर अँड हॉब्सन या कारखान्याने बेल अँड हॉवेल या अमेरिकन कंपनीसाठी केलेले ‘व्हॅरो’. ते चित्रपटाच्या कॅमेऱ्यासाठी होते आणि त्याचा पल्ला ४० ते १२० मिमी, म्हणजे तिप्पट होता. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या फ्रँक बॅक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘झूमार’ हे भिंग केले. दूरचित्रवाणीने, विशेषतः खेळांच्या प्रक्षेपणासाठी, ते उचलून धरले. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील पिएर अँजेन्यू यांचे दहापट पल्ल्याचे भिंग सिनेमासृष्टीत सर्वत्र पसरले आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याची तांत्रिक पुरस्काराने दखल घेतली. सत्तरीतल्या आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांत नायिकेच्या चेहऱ्यावर कॅमेरा एकाएकी झेपावतो, तो याच घराण्यातला. आजच्या दूरदर्शन मालिकांनी तर ती झेप तीन-तीनदा मारण्याची प्रथा पाडली. असो.

स्थिर छायाचित्रणात मात्र झूम फार उशिरा आणि फार भीत भीत आला. ३५ मिमी फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठीचे पहिले झूम भिंग १९५९ साली फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीने विकायला काढले. त्याचेही नाव ‘झूमार’ आणि पल्ला ३६ ते ८२ मिमी. भागाकार करून पाहावा. सव्वादोन पटीच्या किंचित वर. सिनेमाकडे दहापट आणि फोटोकडे जेमतेम सव्वादोनपट, हा फरक कशामुळे? सिनेमाची, त्यातही १६ मिमी फिल्मची, चौकट लहान होती आणि चौकट जितकी लहान तितके भिंगकाराचे काम हलके. शिवाय चित्रपटातली एक चौकट पडद्यावर एका सेकंदाचा चोविसावा भाग टिकते. छायाचित्र माणूस हातात धरून हवा तितका वेळ न्याहाळतो. मोठ्या झूमच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म फोटोच्या घराण्यात झाला नसून चलच्चित्राच्या घराण्यात झाला, हा या इतिहासातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आहे. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला भिंगही सुपर-८ या घरगुती सिनेकॅमेऱ्याच्या सुट्या भागांतूनच मिळाले होते. सुमारे साडेतीन किलोंचे ते यंत्र ०.०१ मेगापिक्सेलचे एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेई.

यानंतर सोनीच्या १९९८ सालच्या माविका एफडी ९१ या कॅमेऱ्याकडे पाहिले की आश्चर्य वाटत नाही. त्याचा झूम चौदापट होता, हाताचा कंप सावरणारी यंत्रणा होती आणि चित्रे साठत होती ती १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर. चित्र जेमतेम १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचे. ज्या काळात फोटोच्या साध्या कॅमेऱ्याला तिप्पट झूम म्हणजे चैन वाटे, त्या काळात एकदम चौदापट कुठून आला? हँडिकॅमच्या दुनियेतून. लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांना १९९० च्या दशकात दहा-बारा पट झूम नेहमीचाच झाला होता, कारण त्यांच्या आतला प्रकाशग्राही तुकडा, म्हणजे सेन्सर, नखाहून लहान होता. सोनीने ते भिंगशास्त्र स्थिर चित्राला जोडले. २००० साली ऑलिंपसचा सी-२१०० अल्ट्रा झूम दहापट पल्ला आणि २ मेगापिक्सेल घेऊन आला, आणि २००२ साली पॅनासॉनिकचा ल्युमिक्स एफझेड १.

या एफझेड १ वर थोडे थांबणे भाग आहे. त्याचा पल्ला बारापट, ३५ ते ४२० मिमी, आणि आरंभापासून अखेरपर्यंत भिंगाचे तोंड एफ २.८ इतके उघडे राहणारे. छायाचित्रणाची थोडी ओळख असलेल्या माणसाने हे आकडे ऐकले तर तो दचकेल. फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्यासाठी ४०० मिमी, एफ २.८ हे भिंग पाच किलोंच्या आसपास वजनाचे असे. ते घेऊन क्रीडा-छायाचित्रकार एकपायी घोडीच्या आधाराने मैदानाच्या कडेला बसत. पॅनासॉनिकचा सगळा कॅमेराच अर्ध्या किलोहून हलका. कारण ‘४२० मिमी’ हे त्या भिंगाचे खरे नाभीय अंतर नव्हतेच. खरे अंतर ५५ मिमी होते. ५५ ला २.८ ने भागले की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास सुमारे २० मिमी येतो. ४२० ला भागले की १५०. दोन्ही भिंगांतून दिसणारा कोन सारखा, पण एकाचे तोंड जुन्या रुपयाएवढे आणि दुसऱ्याचे पितळी वाटीएवढे. सेन्सरच लहान असल्यामुळे लहान भिंगात तोच कोन साधला जातो. प्रकाश मात्र त्या रुपयाएवढ्या वाटेनेच येणार.

मग ‘३५ मिमी समतुल्य’ म्हणून जो आकडा छापतात तो कुठून आला? तो आला ऑस्कर बार्नॅक यांच्या लायका कॅमेऱ्याकडून. १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत हा छोटा कॅमेरा लोकांपुढे आला आणि सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर ३६ गुणिले २४ मिमी ही चौकट रूढ झाली. पुढची पंचाहत्तर वर्षे छायाचित्रकारांनी कोनाचे माप त्या चौकटीच्या भाषेतच मनात साठवले. २८ म्हणजे रुंद, ५० म्हणजे नेहमीचे, २०० म्हणजे दूरचे. डिजिटल युगात प्रत्येक कंपनीचा सेन्सर वेगळ्या आकाराचा निघाला, तेव्हा कोन सांगायला ही जुनीच भाषा उपयोगी पडली. उपयोगी ती आहेच. पण ती केवळ कोन सांगते. प्रकाश किती, बारकावा किती, हे ती सांगत नाही. फिल्म कधीही हातात न धरलेली पिढीसुद्धा आज मृत फिल्मच्या मापाने कॅमेरा घेते. भाषेत असे होतच असते. रुपयाचे सोळा आणे १९५७ साली गेले, पण ‘सोळा आणे खरे’ आपण अजून म्हणतोच.

सेन्सरच्या मापाची गोष्ट याहून गमतीची. खिशातल्या बहुतेक झूम कॅमेऱ्यांच्या तपशिलात सेन्सरपुढे ‘१/२.३ इंच’ असे लिहिलेले असते. गणित केले तर हे ११ मिमी होते. सेन्सरवर मात्र ११ मिमीचे काहीच सापडत नाही. तो सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिमी, आणि त्याचा कर्णही पावणेआठ मिमीच्या आत. हे इंच आहेत दूरचित्रवाणीच्या जुन्या काचेच्या नळीचे. तिच्या बाहेरच्या व्यासाला ‘एक इंची नळी’ म्हणत आणि तिच्यातला चित्राला उपयोगी भाग असे सुमारे १६ मिमी कर्णाचा. नळ्या गेल्या, इंच राहिले. त्यामुळे ‘एक इंची सेन्सर’ या नावाने विकली जाणारी वस्तूही प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिमी असते. या नावांचा एकमेकांशी मेळ लावण्यापेक्षा क्षेत्रफळ लक्षात ठेवावे. १/२.३ इंची सेन्सर सुमारे २८ चौरस मिमी, एक इंची सुमारे ११६ आणि लायकाची चौकट ८६४. तक्त्यात एखादा रकाना वाढवायचाच असेल तर तो या क्षेत्रफळाचा वाढवावा.

हे कॅमेरे मोठ्या झूमचे खरे, पण खिशातले नव्हते. झूम भिंगाला आतल्या काचा पुढे-मागे सरकायला लांबी लागते. कॅमेऱ्याला ती लांबी नको असते. या पेचातून २००२ ते २००६ या वर्षांत जपानी अभियंत्यांनी काढलेल्या वाटा फार सुंदर आहेत. मिनोल्टाच्या डिमाज एक्स या २००२ सालच्या कॅमेऱ्यात प्रकाश आत शिरताच लोलकावर आदळून काटकोनात वळे आणि सारे भिंग कॅमेऱ्याच्या अंगात उभे बसवलेले असे. बाहेर काहीच येत नसे. पेंटॅक्सने २००३ साली ऑप्टिओ एसमध्ये वेगळी युक्ती केली. भिंग आत जाताना मधला काचांचा गट बाजूला सरके आणि उरलेले गट त्या रिकाम्या जागेत मिटत. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मावणारा कॅमेरा म्हणून त्याची जाहिरात झाली. हे दोन्ही तिप्पट झूमचेच होते. रिकोहने २००५ च्या कॅपलिओ आर ३ मध्ये असाच बाजूला सरकणारा गट वापरून २८ ते २०० मिमी, म्हणजे सात पटींपर्यंत मजल मारली. आणि २००६ साली पॅनासॉनिकचा टीझेड १ आला. कोटाच्या खिशात जाणारा, दहापट झूमचा, ५ मेगापिक्सेलचा. प्रवासी झूम हा जो प्रकार आपण आज ओळखतो त्याचा जम येथून बसला. अमेरिकेत पुढे हीच मालिका झेडएस या नावाने विकली जाऊ लागली. जुन्या वस्तूंच्या बाजारात शोधणाऱ्याने एकाच कॅमेऱ्याची ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

टीझेड १ दहापट आणि पुढच्याच वर्षी आलेला टीझेड ३ ही दहापट. खोक्यावरच्या आकड्याने पाहिले तर काहीच बदलले नाही. प्रत्यक्षात पहिला ३५ ते ३५० होता आणि दुसरा २८ ते २८०. एक्स हे गुणोत्तर आहे. ते लांबचे टोक आणि रुंद टोक यांचा भागाकार सांगते, कुठपर्यंत पोहोचता येईल ते सांगत नाही. वेरूळच्या कैलासाच्या प्रांगणात उभे राहावे. तिन्ही बाजूंना कडा, मागे सरकायला जागा नाही. तिथे ३५ ची चौकट देवळाचा कोपरा तोडते, २८ त्याला बरेचसे सामावते आणि २४ मध्ये शिखर व ओसरी एकत्र येतात. त्या जागी ३५ आणि २८ मधला फरक दूरच्या टोकाच्या सत्तर मिलिमीटरांहून मोलाचा ठरतो. शहाणा ग्राहक म्हणून आकडा उलट्या बाजूने, रुंद टोकाकडून वाचतो. पॅनासॉनिकने हे ओळखले असावे. टीझेड ७ मध्ये, २००९ साली, रुंद टोक २५ वर आले आणि २०११ च्या टीझेड २० मध्ये २४ वर.

पण आकड्याची भूक रुंद टोकावर भागत नाही. बारा, सोळा, वीस, तीस. आठ वर्षांत टीझेड मालिकेचा झूम तिपटीने वाढला. ज्यांना खिशाचे बंधन नव्हते अशा जरा मोठ्या अंगाच्या कॅमेऱ्यांत तर शर्यतच लागली. ऑलिंपसने २००७ साली अठरापट गाठली, कॅननने २०१० मध्ये पस्तीसपट आणि २०१२ मध्ये पन्नासपट. निकॉनच्या पी ९०० ने २०१५ साली ८३ पट, समतुल्य २००० मिमी, आणि २०१८ च्या पी १००० ने १२५ पट, समतुल्य ३००० मिमी. पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश जागा व्यापतो. ३००० मिमीला तो चौकटीबाहेर सांडू लागतो. पी ९०० ने टिपलेल्या चंद्राच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या मंडळींनी क्षितिजापलीकडची जहाजे ‘परत आणण्यासाठी’ हाच कॅमेरा हाती घेतला, ही इतिहासाची आणखी एक थट्टा.

या शर्यतीची किंमत मोजावी लागली ती दोन ठिकाणी. पहिली वजनात. पी १००० चे भिंग दूरच्या टोकाला खरे ५३९ मिमी असते आणि तोंड एफ ८ वर येते; भागाकार केला की ६७ मिमी रुंदीची वाट लागते. ती वाट असलेला कॅमेरा १४१५ ग्रॅमचा झाला, म्हणजे लहान म्हणण्याजोगा उरला नाही. दुसरी किंमत बारकाव्यात. प्रकाश लहान वाटेने जाताना पसरतो. पदार्थविज्ञानात याला विवर्तन म्हणतात. एफ ८ ला एका बिंदूचा प्रकाश सुमारे १० मायक्रॉन व्यासाच्या चकतीत पसरतो आणि या कॅमेऱ्यातला एक पिक्सेल १.३ मायक्रॉनचा आहे. एकाच बिंदूचा धुरकट ठसा सात-आठ पिक्सेल रुंद पडत असेल, तर १६ मेगापिक्सेल या शब्दाला त्या टोकाशी काय अर्थ उरला? वर दुपारच्या उन्हाने तापलेली हवा. दोन किलोमीटरवरचे देऊळ टिपायचे तर भिंगाआधी ती हवा आडवी येते आणि ती कोणत्याही कंपनीला पुसता येत नाही.

हाताच्या कंपाचे मात्र उत्तर सापडले होते. जितके समतुल्य नाभीय अंतर तितक्या अंशाच्या सेकंदाहून जलद शटर हवे, हा छायाचित्रकारांचा जुना दंडक. ७२० मिमीला सेकंदाचा सातशेविसावा भाग. भर उन्हात हे जमते, संध्याकाळी नाही. निकॉनने १९९४ साली एका फिल्म कॅमेऱ्यात आणि कॅननने १९९५ साली एका सुट्या भिंगात कंप ओळखून काच उलट दिशेने हलवणारी यंत्रणा आणली. तिच्यावाचून खिशातला मोठा झूम हे निव्वळ मृगजळ राहिले असते. तरी ही यंत्रणा आपला हात सावरते, समोरच्या पक्ष्याला स्थिर करीत नाही. नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर थंडीतल्या सकाळी उडणाऱ्या बदकांना जलद शटर लागते, जलद शटरला प्रकाश लागतो, आणि प्रकाश येतो त्या वाटेच्या व्यासातून. खोक्यावर ‘एफ ३.३’ छापलेले असते ते रुंद टोकाचे. दूरच्या टोकाचा आकडा त्याच ओळीत पुढे, बारीक टाइपात असतो, ६.४ किंवा ६.९. घेणाऱ्याने तो वाचावा.

उद्योगाला हे कळत नव्हते असे नाही. कॅननने २००९ साली जी ११ मध्ये आधीच्या जी १० चे १४.७ मेगापिक्सेल १० वर आणले आणि आकडा कमी करूनही माल विकता येतो हे दाखवले. झूमच्या बाबतीत तसे धैर्य २०१६ साली पॅनासॉनिकने केले. टीझेड १०० मध्ये एक इंची, म्हणजे चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर बसवला आणि झूम तीसपटीवरून पुन्हा दहापटीवर, २५ ते २५० वर, आणला. दहा वर्षांपूर्वीच्या टीझेड १ चाच आकडा! खरेदी समितीच्या तक्त्यात हा कॅमेरा आपल्याच घरच्या स्वस्त भावंडाकडून हरला असता. दोन वर्षांनी टीझेड २०० मध्ये तो पंधरापट झाला, पण त्यासाठी तोंड अधिक लहान करावे लागले. वस्तू खिशात मावायची असेल तर या दोन पारड्यांपलीकडे तिसरे नाही.

धैर्य दाखवायला वेळ मात्र फार थोडा उरला होता. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२० साली ही संख्या १ कोटीच्याही खाली गेली. तिप्पट झूमचा साधा कॅमेरा फोनने गिळला. मोठ्या झूमचा प्रकार त्या मानाने तगला, कारण फोनच्या जाडीत लांब भिंग बसत नव्हते. सॅमसंगने २०१३ साली फोनच्या पाठीवर दहापट झूमचे भिंग चढवून पाहिले, पण तो फोन कॅमेऱ्याइतका जाड झाला. मग २०१९ साली हुआवेच्या पी ३० प्रो मध्ये प्रकाश लोलकाने वळवून फोनच्या अंगात आडव्या बसवलेल्या भिंगातून नेला गेला. डिमाज एक्सचीच ती जुनी युक्ती. मिनोल्टा तोवर कोनिकाशी विलीन होऊन २००६ सालीच कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली होती. फोनवर आज दिसणारे ‘शंभरपट’ हे शब्द या वंशावळीतले नव्हेत. त्यातला बराचसा भाग चित्र कापून मोठे करण्याचा आणि उरलेली रिकामी जागा गणिताने भरण्याचा असतो. शिलालेखाचे अक्षर वाचायचे असेल तर ही गोष्ट फार गंभीरपणे घ्यावी लागते. झिजलेला ‘प’ की झिजलेला ‘ष’, याचा निर्णय फोनने आधीच करून ठेवलेला असू शकतो, आणि तो निर्णय त्याने केला हे चित्रात कुठेच दिसत नाही. अभ्यासाच्या कामासाठी काचेचा झूम आम्हाला अजून आवश्यक वाटतो तो एवढ्याचसाठी.

तेव्हा निवड. अजिंठ्याच्या अंधारात, जिथे फ्लॅशला मनाई आहे, तिथे झूमचा आकडा निरुपयोगी. एक इंची सेन्सर आणि रुंद टोकाचे मोठे तोंड हेच कामाचे. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या शिखरावरची नक्षी किंवा लेण्याच्या दर्शनी भागात उंचावर कोरलेला लेख, जिथे चालत जवळ जाता येत नाही, तिथे २५० ते ३६० पुरते आणि चित्रातला बारकावा मोठ्या सेन्सरमुळे टिकतो. पाणथळीवरचे पक्षी हाच ज्याचा छंद, त्याने तीसपट घ्यावा, पण फक्त चांगल्या उजेडाच्या भरवशावर. पन्नास आणि त्यावरच्या पटींचे कॅमेरे लहान कॅमेऱ्यांच्या यादीतून काढूनच टाकावेत. ते वाईट नाहीत, त्यांची जात वेगळी आहे. डोळ्याला लावायची खिडकी असेल तर तिला महत्त्व द्यावे. कॅमेरा कपाळाला टेकला की हात निम्मा सावरतो, आणि दुपारच्या उन्हात मागच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्यापलीकडे फारसे काही दिसत नाही. ‘डिजिटल झूम’ या नावाखाली जे काही असेल ते पहिल्याच दिवशी बंद करावे.

नव्यात पर्याय थोडे उरले आहेत. युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबरअखेर चार्जिंगसाठी यूएसबी-सी सक्तीचे केले. त्यानंतर २०२५ च्या आरंभी पॅनासॉनिकने टीझेड ९९ आणि निकॉनने पी ११०० आणले. दोन्हींत नवे ते मुख्यतः ते छिद्र. टीझेड ९९ मध्ये तर २०१९ च्या टीझेड ९५ मध्ये असलेली डोळ्याची खिडकीही काढून टाकली आहे. म्हणून पुष्कळांची पावले जुन्या मालाच्या बाजाराकडे वळतात आणि ती वळण्यात गैर काही नाही. घेताना कॅमेरा चालू करून झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच वेळा न्यावा आणि आवाज ऐकावा. खरखर आली किंवा नळी मध्येच अडखळली तर परत द्यावा. मग दूरच्या टोकाला नेऊन मोकळ्या आकाशाचे एक चित्र काढावे आणि ते पडद्यावर मोठे करून पाहावे. सरकणाऱ्या नळ्या पंपासारखी हवा आत ओढतात, हवेबरोबर धूळ येते आणि आतल्या सेन्सरवर बसते. ती आकाशात करड्या ठिपक्यांसारखी दिसते, आणि या कॅमेऱ्यांचे भिंग सुटे होत नसल्यामुळे सगळे यंत्र उघडल्याखेरीज निघत नाही.